छत उघडणाऱ्या कॅम्परची बॅटरी संध्याकाळीच बसते. नवी बॅटरी घालूनही तक्रार तशीच

होटगीरोडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे पिकअपच्या मागे जोडून ओढायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर छत वर उचलून उघडायची एक छोटी कॅम्पर आहे. खाली लोखंडी चॅसी व पत्र्याची पेटी, वर फायबरचे छत आणि मधल्या जागेत छताबरोबर उलगडणारे जाड कापड अशी तिची रचना आहे. दोन वर्षांपूर्वी ती एका परिचितांकडून घेतली, तेव्हा वायरिंग आधीच केलेले होते. ते कोणी आणि कसे केले, याचा एकही कागद माझ्यापाशी नाही. पुढच्या पेटीत १२ व्होल्टची १०० अ‍ॅम्पिअर-तासांची ट्युब्युलर (पाणी घालावे लागणारी शिसे-आम्लाची) बॅटरी, छतावर १५० वॅटचे सौर पॅनेल, त्याचे चार्जिंग सांभाळणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, आत ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज, चार एलईडी दिवे, एक पंखा, पाण्याचा छोटा पंप आणि ६०० वॅटचा इन्व्हर्टर, एवढा संसार त्यावर चालतो.

मार्चअखेरीस आम्ही सोलापूरहून भिगवणला, उजनी जलाशयाच्या काठी मुक्कामाला गेलो होतो. तीन तासांच्या प्रवासात पिकअपवरून बॅटरी चार्ज होईल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात संध्याकाळी सातच्या सुमारास फ्रिजने बीप केले आणि तो बंद पडला. पाच मिनिटांनी आपोआप सुरू झाला, पुन्हा बीप केले, पुन्हा बंद. हा खेळ रात्रभर चालला आणि सकाळी दोन लिटर दूध नासले. नवल असे, की फलकावरचे व्होल्टमीटर पूर्ण वेळ १२.४च्या आसपास दाखवत होते.

परत आल्यावर बॅटरी एका दुकानात दाखवली. त्यांनी टर्मिनलला मीटर लावून पाहिले आणि ‘बॅटरी गेली’ असे सांगितले. मी दहा-अकरा हजार रुपये मोजून तेवढ्याच क्षमतेची नवी घेतली. जुनीचे फारच कमी पैसे देत होते, म्हणून ती घरीच कोपऱ्यात ठेवली. त्यानंतर नान्नजला एका ओळखीच्या शेतावर एक रात्र काढली आणि नव्या बॅटरीवरही फ्रिज तसाच बंद पडला.

आणखी तीन गोष्टी सांगून ठेवतो. घरी शेडखाली कॅम्पर आठ-दहा दिवस उभी राहिली की बॅटरी पूर्ण उतरते. छत उचलताना वरचे दिवे लुकलुकतात आणि छत पूर्ण वर गेले की कधी लागतात, कधी लागत नाहीत. आणि चार्जर लावण्यासाठी कॅम्परची वायर घरच्या प्लगमध्ये घातली, की दोनांतून एकदा घरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. यावर गल्लीतल्या एका माहितगारांनी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. मी अजून काढलेली नाही. सुरुवात कोठून करावी?


गिरणीतला_वायरमन

नमस्कार दादा. अर्थची पिन काढली नाहीत, हे सर्वांत चांगले केलेत. ती मुळीच काढू नका. त्याविषयी शेवटी लिहितो.

आपण एका बॅटरीच्या अनेक तक्रारी लिहिल्या आहेत, पण मला हे तीन-चार वेगवेगळे दोष दिसतात आणि ते एकत्र आल्यामुळे सगळा दोष बॅटरीच्या माथी गेला आहे. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात देखभालीचे काम करतो. तिथेही मोटर फिरेना म्हटले की आधी मोटर उतरवायची घाई होते आणि नंतर कुठेतरी सैल थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेले धातूचे कडे) सापडते.

आपल्या प्रश्नातले सगळ्यात बोलके वाक्य हे आहे, की फ्रिज बंद पडतो, पाच मिनिटांनी आपोआप सुरू होतो आणि फलकावर मात्र १२.४ दिसत राहते. फलकावरचे मीटर बहुधा थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडलेले आहे, त्यामुळे ते बॅटरीचे व्होल्टेज सांगते, फ्रिजला मिळणारे नव्हे. बॅटरी आणि फ्रिज यांच्यामध्ये कुठेतरी रोध वाढला असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होताच तिथे एखादा व्होल्ट खर्च होतो, फ्रिजच्या आतल्या संरक्षणाला वाटते की बॅटरी उतरली आणि तो स्वतःला बंद करतो. बंद झाल्याबरोबर करंट थांबतो, करंट थांबला की ड्रॉप, म्हणजे वाटेतली व्होल्टेजची घटही नाहीशी होते आणि सगळीकडे पुन्हा १२.४ दिसते. म्हणून फ्रिज बंद असताना घेतलेल्या मोजमापाचा इथे काहीच उपयोग नाही. दुकानदारांनी लोड न लावता टर्मिनलला मीटर लावले असेल, तर त्यांनाही यातले काही कळणे शक्य नव्हते.

आता मोजायचे कसे, ते सांगतो. साधे डिजिटल मल्टीमीटर पुरेल. फ्रिजचे तापमान अगदी खाली लावून कॉम्प्रेसर चालू ठेवा. पहिले मोजमाप बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर, म्हणजे शिशाच्या खांबांवरच घ्या, वायरच्या थिंबलवर नको. दुसरे फ्रिजच्या सॉकेटमध्ये घ्या. दोहोंतला फरक हा एकूण ड्रॉप. मग तो प्लसच्या बाजूला किती आणि मायनसच्या बाजूला किती, हे वेगळे काढा. त्यासाठी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी फ्रिजच्या मायनस टोकावर धरा. आदर्श स्थितीत तिथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसला तर चालेल, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर चोर सापडला असे समजा. तसेच प्लसच्या बाजूलाही करा. एक तार खांबावर ठेवून दुसरी एकेका जोडावर पुढे सरकवत गेलात, तर ज्या जोडापाशी आकडा एकदम उडी मारतो, तोच जोड बिघडलेला असतो.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते, तो दोष निराळा आहे. सगळे स्विच बंद करा, शेडखाली सौर पॅनेल काही देत नसेल असे पाहा, बॅटरीची मायनस वायर सोडा आणि मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या खाचेत लावून खांब व सोडलेली वायर यांच्यामध्ये धरा. या वेळी पंप किंवा फ्रिज चुकूनही सुरू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. पाच-दहा मिनिटे थांबून आकडा घ्या. तीस-चाळीस मिलिअ‍ॅम्पिअर असतील तर दुर्लक्ष करा, त्याहून बरेच जास्त असतील तर एकेक फ्यूज काढत जा आणि कोणता काढल्यावर आकडा पडतो, ते लिहून ठेवा.

प्रवासात चार्ज न होण्याचे कारण मी मोजमापाशिवायही थोडेफार सांगू शकतो, पण पिकअपच्या बॅटरीपासून कॅम्परच्या बॅटरीपर्यंत वायर किती लांब आणि किती जाड आहे आणि पिकअप कोणत्या सालचा आहे, ते कळवा.

आता आरसीसीबी. घरचा आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे त्यातला काही अन्य वाटेने गेला, तर तो पडतो. कॅम्परच्या पत्र्यात गळती होत असताना अर्थची पिन काढली, तर आरसीसीबी पडणार नाही खरा, पण पत्रा जिवंत राहील आणि ओल्या मातीवर उभे राहून जो दार उघडेल, त्याच्या अंगातून ती वाट पूर्ण होईल. कॅम्परला टायर असल्यामुळे तिला आपली अर्थिंग जवळपास नसतेच, म्हणून तर ती पिन घरापेक्षाही इथे महत्त्वाची आहे.


प्रवासी_जुळेसोलापूर

माझे मत थोडे वेगळे आहे. ट्युब्युलर बॅटरी ही घरच्या इन्व्हर्टरसाठी असते. एवढे जड ते धूड कॅम्परमध्ये कशाला वाहायचे? मी गेल्या वर्षी लिथियम फॉस्फेटची १०० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी घातली, वजन बारा-तेरा किलो भरले आणि फ्रिज दोन दिवस चालतो. एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा.


गिरणीतला_वायरमन

लिथियम चांगलीच आहे, तिला माझा विरोध नाही. ट्युब्युलरमधून निम्मीच क्षमता वापरणे शहाणपणाचे, तर लिथियममधून ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, हेही खरे. परंतु मार्गातला रोध कायम ठेवून बॅटरी बदलली तर फ्रिज तसाच बंद पडण्याचा धोका राहतो. लिथियमचे व्होल्टेज अर्धा-एक व्होल्टने जास्त असल्यामुळे कदाचित थोडे दिवस दोष झाकला जाईल, एवढेच. दुसरे असे, की लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे पिकअपवरून चार्ज करताना ती मागेल तेवढा करंट ओढते आणि मधली बारीक वायर तापते. तिसरे आपल्या गावचे. बहुतेक लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांना चार्ज करताना ४५ अंशांची मर्यादा असते आणि मे महिन्यात हवेचे तापमानच ४२-४३ असताना उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत ती सहज ओलांडली जाते. मग आतले संरक्षण चार्जिंग तोडते आणि माणूस पुन्हा बॅटरीला नावे ठेवतो. घ्यायचीच झाली तर ती पेटीतून काढून आत, पलंगाखाली सावलीत बसवावी लागेल.

ट्युब्युलर मात्र पलंगाखाली बंद जागेत ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.


माळरानावरची

छताच्या दिव्यांबद्दल मी सांगू शकते, कारण तो दोष माझ्या कॅम्परमध्ये अक्षरशः तसाच होता. माझी कॅम्पर बरीच जुनी आहे आणि तिचे सगळे काम मी व माझा भाऊ घरीच करतो.

छत उचलणारे जे कात्रीसारखे पाय असतात, त्यांच्या मागच्या कोपऱ्यातून वायर खालून वर जाते. छत जितक्या वेळा उघडाल-मिटाल, तितक्या वेळा ती एकाच जागी दुमडते. आमच्याकडे तिथे घरच्या भिंतीत घालतात ती जाड एकेरी तारेची वायर वापरली होती. ती दुमडून दुमडून कडक होते आणि आतल्या आत तुटते, पण वरचे प्लास्टिक शाबूत राहते, म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. आम्ही छत अर्ध्यावर थांबवून ती वायर दोन बोटांत धरून हलके हलके वाकवत गेलो, तेव्हा एका ठिकाणी ती चिंधीसारखी मऊ लागली. प्लास्टिक सोलले तर आत तांब्याचे दोन तुकडे, दोन्ही टोके काळीहिरवी, एकमेकांना टेकली तर दिवा लागतो, नाही टेकली तर नाही. तीन सेंटिमीटरचा तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

त्या जागी बारीक पुष्कळ तारांची लवचीक वायर घाला आणि ती ताणून बांधू नका. छत पूर्ण उघडल्यावरही तिला वितभर झोळ राहिला पाहिजे आणि छत मिटताना तो झोळ कुठल्या पायाच्या सांध्यात तर सापडत नाही ना, हे एकदा आत बसून टॉर्चच्या उजेडात पाहा. वर नालीदार प्लास्टिकची नळी चढवा. क्लिप बांधायची ती दुमड्याच्या दोन्ही बाजूंना, दुमड्यावर नाही.

एक महत्त्वाचे. सौर पॅनेलची वायरही त्याच कोपऱ्यातून येत असेल, तर तीही तपासा. मात्र ती सोडण्याआधी पॅनेल झाका, कारण उजेड आहे तोवर पॅनेलला बंद करायचा स्विच नसतो. आमच्याकडे घरातली जाडजूड सोलापुरी चादर दुहेरी करून टाकतात, तिच्यातून उजेड जात नाही. कंट्रोलर सोडताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. उलट केले तर काही कंट्रोलर खराब होतात. आमचा एक गेला आहे.


होटगीरोडकर

सर्वांचे आभार. दोन रविवार या कामात गेले. मोजमापे लिहितो.

फ्रिज चालू असताना बॅटरीच्या खांबांवर १२.५० व्होल्ट, फ्रिजच्या सॉकेटमध्ये ११.२५. म्हणजे सव्वा व्होल्ट वाटेत हरवत होता. प्लसच्या बाजूला ०.३०, आणि मायनसच्या बाजूला ०.९५! वायरमन दादांनी सांगितल्याप्रमाणे तार पुढे सरकवत गेलो. बॅटरीच्या मायनसची वायर पेटीच्या मागे चॅसीला एका बोल्टने जोडलेली आहे आणि फ्रिजचा मायनस मागच्या बाजूला दुसऱ्या बोल्टने चॅसीला जोडलेला आहे. पहिल्या बोल्टच्या थिंबलवर ०.०४ आणि थिंबलपासून बोटभर अंतरावर चॅसीचा रंग खरवडून टोचले तर ०.८८. बोल्ट उघडला तेव्हा कळले, की थिंबल रंगावरच बसवलेले होते आणि रंगाखाली गंजाचा पापुद्रा धरला होता. पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासले, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. मायनसचा ड्रॉप ०.०९ वर आला. त्या रात्री घरासमोर उभ्या कॅम्परमध्ये फ्रिज सकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही. वीस रुपयांच्या वॉशरसाठी मी अकरा हजारांची बॅटरी घेतली, हे सौभाग्यवतींना अजून सांगितलेले नाही.

सगळे स्विच बंद असताना ०.६२ अ‍ॅम्पिअर करंट जात होता. फ्यूज काढत गेलो तेव्हा त्यातला ०.४५ इन्व्हर्टरचा निघाला, ०.१२ निळे आकडे दाखवणाऱ्या दोन मोबाइल चार्जिंग सॉकेटांचा, बाकीचा गाण्यांच्या टेपचा. इन्व्हर्टरचे बटण बंद होते, तरी तो आतून जागाच होता.

पिकअप २०२१चा आहे. वायर साधारण ८ मीटर लांब आहे आणि तिच्यावर १.५ असे छापलेले आहे. इंजिन सुरू केल्यावर पिकअपच्या बॅटरीवर १४.३ व्होल्ट दिसले, पण दहा मिनिटांनी ते १३च्या खाली आले. कॅम्परच्या बॅटरीत त्या वेळी जेमतेम ०.८ अ‍ॅम्पिअर जात होता.

छताची वायर ताईंनी सांगितलेल्या कोपऱ्यातच तुटलेली होती. आरसीसीबीचे कोडे मात्र अजून तसेच आहे.


गिरणीतला_वायरमन

उत्तम काम केलेत. आता एकेक घेऊ.

०.६२ अ‍ॅम्पिअर म्हणजे दिवसाला सुमारे १५ अ‍ॅम्पिअर-तास. शंभरातले निम्मे साडेतीन दिवसांत संपतात आणि आठवड्यात बॅटरी पूर्ण उतरते. आपली तक्रार आठ-दहा दिवसांची होती, हिशेब बरोबर जुळतो. बॅटरीच्या मायनसला एक मोठा कट-ऑफ स्विच बसवा आणि शेडमध्ये लावताना तो बंद करत जा. बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेल्या अवस्थेत राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर जमतात आणि मग मात्र ती खरोखरच जाते.

प्रवासातल्या चार्जिंगचे दोन दोष आहेत. पहिला वायरचा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याला मीटरमागे साधारण १२ मिलिओहम रोध असतो. जाऊन-येऊन १६ मीटर धरले, तर एकूण ०.१९ ओहम होतो आणि १० अ‍ॅम्पिअरला जवळजवळ दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणजे १० अ‍ॅम्पिअर जाणारच नाहीत. दुसरा दोष पिकअपचा, खरे तर तो दोष नाही. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या विकल्या जातात आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) इंधन वाचवण्यासाठी स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवतो. आपण पाहिलेले १३च्या खालचे व्होल्टेज म्हणजे नेमके तेच. त्यावर ट्युब्युलर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही, वायर कितीही जाड केली तरी.

यावर उपाय डीसी-टू-डीसी चार्जरचा. तो पिकअपकडून कमी-जास्त येणारे व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवे तसे, १४.४ पर्यंत वाढवून देतो. २० अ‍ॅम्पिअरचा पुरे. तो कॅम्परच्या बॅटरीजवळ बसवा आणि पिकअपपासून १६ चौरस मिलिमीटरची वायर आणा, म्हणजे २० अ‍ॅम्पिअरलाही ड्रॉप ०.४च्या आत राहील. त्याची इग्निशनची बारीक वायर जोडायला विसरू नका, नाहीतर मुक्कामी पिकअपचीच बॅटरी कॅम्परमध्ये रिकामी होईल आणि सकाळी ढकलस्टार्ट करावे लागेल. या वायरला फ्यूज दोन्ही टोकांना लागतात, कारण तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. हुकापाशी ती घासून चॅसीला टेकली, तर एकाच टोकाचा फ्यूज उडून उपयोग नाही, दुसरी बॅटरी आग पुरवत राहील. हुकाजवळच्या सात पिनच्या प्लगमधून हा करंट नेऊ नका, तो प्लग दिव्यांसाठी आहे. यासाठी वेगळा जाड पिनांचा प्लग घ्या.

सौर पॅनेलकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. फ्रिज चालताना चार-साडेचार अ‍ॅम्पिअर घेतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ५०-६० अ‍ॅम्पिअर-तास झाले. १५० वॅटचे सपाट पडलेले पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ४०-४५ भरते. उन्हात पॅनेल स्वतःच ६५ अंशांवर तापते आणि तापलेले पॅनेल १५-१६ टक्के कमी देते. छताखालून हवा खेळेल अशी दोन बोटे फट ठेवून ते बसवले असेल तर थोडा फायदा होतो. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर जोडता येत असेल तर तो बॅटरीला चिकटवा. पेटीत ४५ अंश असताना चार्जिंगचे व्होल्टेज सुमारे अर्धा व्होल्ट खाली असावे लागते, नाहीतर पाणी लवकर आटते. पाणी डिस्टिल्डच टाका, नळाचे किंवा बोअरचे नको.


माळरानावरची

आरसीसीबीसाठी एक विचारते. कॅम्परच्या बाहेर घरची वीज आत घ्यायचा जो इनलेट सॉकेट आहे, त्याचे झाकण नीट बसते का? आमच्याकडे पावसात आणि नंतर सकाळच्या दवानेही त्यात ओल धरायची. मुंग्यांनीही तिथे घर केले होते. आपला आरसीसीबी दोनांतून एकदाच पडतो म्हणता, म्हणून ओलीचा संशय येतो.


गिरणीतला_वायरमन

ताईंचा संशय रास्त आहे. दुसरी शक्यता अशी, की इन्व्हर्टर बसवताना कोणी तरी कॅम्परमध्ये न्यूट्रल आणि बॉडी एकत्र जोडली असावी. घरची वीज आत आली, की न्यूट्रलचा काही करंट अर्थमधून परत जातो आणि आरसीसीबी पडतो. लोड कमी असेल तर पडतही नाही, म्हणून दोनांतून एकदा. प्लग पूर्ण काढून, चार्जर व इन्व्हर्टर दोन्ही सोडून, इनलेटच्या न्यूट्रल आणि अर्थ पिनांमध्ये मीटरने रोध पाहा. काही ओहम दिसले तर जोड आहे. काहीच दिसले नाही, तर एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आले तर गळती आहे. हे २३० व्होल्टचे काम आहे, बारा व्होल्टसारखे रविवारी घरी बसून करायचे नाही.


होटगीरोडकर

इनलेट उघडला. मुंग्या नव्हत्या, पण न्यूट्रलपासून चॅसीपर्यंत हिरव्या वायरचा एक तुकडा जोडलेला होता. इलेक्ट्रिशियनना बोलावून तो काढून घेतला आणि त्यांच्याकडूनच मेगरने तपासणीही करून घेतली. आता पाच वेळा प्लग घातला, आरसीसीबी पडला नाही. डीसी चार्जर मागवला आहे.

शेवटचे एक विचारतो. कोपऱ्यातली जुनी बॅटरी मी घरच्या चार्जरवर १६ तास लावून ठेवली आणि हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) घेऊन सहाही सेल पाहिले. आधी सगळे १.१७० ते १.१८०च्या दरम्यान होते, आता सगळे १.२३५-१.२४०. ती गेलेली नाही, असेच ना? मग ती आणि नवी अशा दोन्ही कॅम्परमध्ये समांतर जोडू का?


गिरणीतला_वायरमन

सहाही सेल सारखेच खाली होते आणि सारखेच वर आले, याचा अर्थ ती उपाशी होती, आजारी नव्हती. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे राहिला असता, तर मी ती गेली म्हटले असते. ट्युब्युलरला १.२४० म्हणजे पूर्ण चार्ज.

समांतर मात्र जोडू नका. वयाने आणि अंतर्गत रोधाने वेगळ्या बॅटऱ्या एकत्र चार्ज केल्या, की करंटची वाटणी सारखी होत नाही आणि नवी जुनीच्या मापाने म्हातारी होते. शिवाय हुकावर आणखी वजन येईल. जुनी घरच्या इन्व्हर्टरला लावा, उन्हाळ्यात रात्री वीज गेली की पंखा आणि वाय-फाय तिच्यावर चालतील. वॉशरची गोष्ट सौभाग्यवतींना सांगायला त्याहून चांगली वेळ मिळणार नाही.